कूनचा चमचा

ए डेरिक, ताटाला हात लावू नकोस! उदबत्ती विझू दे आधी. भटक्या जिवांचं जेवण आहे ते, त्यांचं झालं की गोळ्या-बिस्किटं तुमचीच. मिशा फुटल्या तरी पोराचा हावरेपणा जात नाही. ट्रिश, तू हसू नकोस, मघाशी तुझ्याही तोंडात रताळं होतं.

आणि पेजेच्या वाटीतल्या त्या जुन्या चमच्याला तर कुणी शिवायचंच नाही. का? बसा मग. बोटी बांधून झाल्यात, वादळाचा इशारा आहे, उद्या कुणी कोळंबीला जात नाही. सांगतो.

आपला थोआन, बर्फाची गाडी चालवतो तो. त्याच्याबाबतीत घडलेलं आहे हे. थोआन बडबड्या खरा, पण खोटं रचायला लागते तेवढी अक्कल त्याच्याकडे नाही.

गेल्या वर्षीची हीच रात्र. सातव्या महिन्याची पौर्णिमा, भटके जीव मोकळे सुटतात ती. दुपारी दिएप मावशीनं त्याला फोन केला. खाडीच्या पुलापलीकडचं शेवटचं घर तिचं. एकटी राहायची. कोळंबी सोलून सोलून बोटं वाकडी झालेली.

"थोआन, डॉक्टरनं औषध लिहून दिलंय. येताना दुकानातून आणशील?"

थोआन चाट पडला. मावशीच्या घरात औषधाची बाटली कधी कुणी पाहिली नव्हती. ताप आला तरी आल्याचं पाणी. आणि रात्री कधीही जा, तिच्या खिडकीत दिवा जळत असायचा.

"कसलं औषध, मावशी?"

"झोपेचं. आता नाही सोसवत रे."

बर्फ पोचवता पोचवता थोआनला उशीर झाला. साडेदहाला गाडी पुलावर चढली. औषधाची पिशवी समोर काचेपाशी ठेवलेली, गाडीत गाणी चालू, आणि हा स्वतःही बेसूर ओरडतोय.

पुलाच्या मधोमध एक पोर उभं.

चार-पाच वर्षांचं. अंगात नुसता सदरा. डोक्याला बायकी रुमाल, कानांवरून घट्ट बांधलेला.

या महिन्यात रात्री अनोळखी कुणाला गाडीत घेऊ नये, हे थोआनच्या आईनंही त्याला हजारदा सांगितलं असेल. पण मालट्रकांच्या रस्त्यावर एवढंसं पोर सोडून कोण जाईल? तुम्ही गेला असता? थोआन थांबला.

"कोणाचा रे तू? आई कुठंय?"

"पलीकडं."

थोआननं त्याला उचलून सीटवर बसवलं, पट्टा लावला. पोर गार लागलं. दिवसभर बर्फ उचलून आपलेच हात गारठलेत, असं त्याला वाटलं.

"नाव काय?"

"कून."

थोआनला हसू आलं. कून म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. दृष्ट लागू नये म्हणून आपल्याकडे पूर्वी पोरांना असली नावं ठेवायचे. आता तुम्ही सगळे डेरिक आणि ट्रिश! आणि हे पोर बोलत होतं थेट आपल्या जुन्या देशातलं, मेकाँग नदीच्या मुखाकडचं, माझ्या आजोबांसारखं. इथं जन्मलेल्या तुमच्यापैकी एकाला तरी जमतं का तसं?

"त्या पिशवीत काय आहे?"

"औषध. झोपेचं. एका मावशीचं."

पोरानं अंग चोरलं. म्हणालं, "मला नको."

"तुझं नाहीच ते, राजा."

"आईला सांगा... माझी झोप झाली."

थोआननं गाणी बंद केली. का, ते त्यालाही कळलं नाही. पूल संपला. मान वळवायचा धीर होईना. झाडं... अंधार... मावशीच्या खिडकीतला दिवा.

गाडी थांबली.

सीट रिकामी.

पट्टा तसाच. लावलेला.

मावशीनं दार उघडलं तेव्हा थोआनची बोबडी वळली होती. कसंबसं सांगितलं त्यानं. मावशी ओरडली नाही, रडली नाही. एवढंच विचारलं, "डोक्याला काय होतं त्याच्या?"

"रुमाल... कानांवरून बांधलेला."

मावशी पायरीवर बसली. "मीच बांधला होता. कानांत पाणी जाईल म्हणून."

पोरांनो, आम्ही सगळेच देश सोडून, होड्यांत लपून इथं आलो. पण कुणी कुणाला विचारत नाही. मावशीनं त्या रात्री पहिल्यांदा तोंड उघडलं.

"कालव्याच्या तोंडाशी पहाऱ्याची बोट होती. नावेत आम्ही चाळीसेक माणसं, जाळ्यांखाली. एक पोर रडलं असतं तर सगळे धरले गेलो असतो. म्हणून पोरांना एकेक चमचा झोपेचं औषध दिलं. कून तरी कुरकुरत होता. सगळे माझ्याकडं बघत होते रे... मी आणखी एक चमचा दिला. त्यानं दात आवळले. 'नको' म्हणाला. मी चमचा दाबला."

तिनं खिडकीतल्या दिव्याकडं पाहिलं.

"सकाळी बाकीची पोरं उठली."

संध्याकाळी माणसांनी कूनला तिच्या मांडीवरून उचललं आणि समुद्रात सोडलं. तिनं चमचाही त्याच्यामागं फेकला. इथं आल्यावर तिनं कधी त्याचा फोटो पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवला नाही, त्याच्या नावानं वाटी मांडली नाही. झोपलेल्या पोरापुढं उदबत्ती लावतात का, म्हणायची. आणि दिवा? तो उठला तर घरात कुणीतरी जागं पाहिजे ना! एवढी वर्षं जागली बिचारी. त्याच दिवशी हरली, आणि औषध मागवलं.

मावशी गाडीपाशी गेली. थोआननं सीटचा पट्टा सोडला.

खाली चमचा होता.

ॲल्युमिनियमचा. काळा पडलेला. दांड्याला शिंपल्यांचे कण घट्ट चिकटलेले. मावशीनं काठावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. मग घरात गेली, पेजेची वाटी घेऊन आली, चमचा भरला. फुंकर घातली. आणि अंधाराकडं हात पुढं केला.

"ये, कून. कडू नाही रे हे. पेज आहे."

थोआननं तोंड फिरवलं. मीही फिरवलं असतं.

त्या रात्री मावशीच्या खिडकीतला दिवा विझला. थोआन पहाटेपर्यंत गाडीत बसून होता, त्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून देव्हाऱ्यात कूनची वाटी आली. मावशी गेल्या थंडीत गेली, झोपेतच. औषधाची बाटली उशाशी होती, सीलही न फोडलेली. आता त्या पोराचं करायला कुणी उरलं नाही, म्हणून चमचा थोआननं इथं, सगळ्यांच्या ताटात ठेवायला आणून दिला.

उदबत्ती विझली बघ. घ्या गोळ्या.

चमचा बघायचा असेल तर बघा, हात न लावता. दिवा जवळ धर, ट्रिश. काठावर खड्डे दिसतायत ना, बारीक बारीक?

दुधाच्या दातांचे आहेत ते.