दोन वाजून दहा मिनिटांची फाईल

संघर्षले तुमच्यापैकी कोणी पाह्यलं नाही. नेरचा पोरगा. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. हाताले चांगला, बोलायले त्याहून चांगला. आता तो हैदराबादकडं असतो म्हणतात. मले फोन करत नाही अन् मीही त्याले करत नाही. काहून करत नाही, ते आज सांगतो.

कापसाचे ते वाईट दिवस होते. यवतमाळात एका संस्थेनं मदतीचा फोन चालू केलता. खेड्यातल्या माणसावर काही संकट आलं, की त्यानं नंबर लावायचा. आमच्या बाया त्याच्याशी बोलायच्या, गरज पडली तर जीप पाठवायच्या. मी तिथं कारकून होतो. नंबर गावोगावच्या भिंतींवर रंगवला होता. दोन हजार सहाच्या सप्टेंबरात माणसं पुरेनात, म्हणून रात्रपाळी बंद झाली. भिंतींवरचे नंबर मात्र कोणी पुसले नाहीत. रात्री फोन वाजत राहू नये म्हणून आम्ही जाताना त्याची वायर काढून ठेवायचो.

पुढल्या वर्षी जुलैत संघर्ष आमच्याकडं लागला. आलेला प्रत्येक फोन समोरच्या कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड व्हायचा. संघर्षनं अशी सोय केली, की रात्री दोन वाजता साऱ्या रेकॉर्डिंगची कॉपी आपोआप मागच्या खोलीतल्या ड्राइव्हवर जाईल. ती ड्राइव्ह ऑफिसातल्या साऱ्या कॉम्प्युटरवरून उघडायची. एक मशीन बसलं तरी लोकांचं बोलणं बुडू नये, एवढाच हेतू.

दोन महिने नीट चाललं. ऑक्टोबरात नवरात्र लागलं अन् कॉपी अडकाले लागली. रोज सकाळी स्क्रीनवर एकच मजकूर. फाईल वापरात आहे, कॉपी करता येत नाही. वेळ रोज तीच, दोन वाजून दहा मिनिटं.

संघर्षनं केबल बदलली. पासवर्ड तपासला. ड्राइव्हवर जागा रिकामी केली. काही फरक नाही.

"काका," तो मले म्हणाला, "रात्री ऑफिसात कोणी नसते, मग फाईल वापरते कोण? मी आज इथंच बसतो. चालू असताना पाह्यल्याशिवाय समजणार नाही."

मी त्याले चावी देली. बुधवार होता, सतरा ऑक्टोबर. पुढचं त्यानं मले नंतर सांगितलं, तसंच सांगतो.

बारा वाजून अठरा तारीख लागली. दोनले कॉपी सुरू झाली. फाईली एकामागून एक जाऊन राह्यल्या होत्या. दोन वाजून दहाले थांबल्या. कोणती फाईल अडली, ते त्यानं पाह्यलं. त्याच मिनिटाले तयार झालेली नवी फाईल होती ती. अन् वाढून राह्यली होती. म्हणजे फोन चालू होता. कोणाचं तरी बोलणं रेकॉर्ड होऊन राह्यलं होतं.

त्यानं टेबलाकडं पाह्यलं. फोन जागच्या जागी होता. वायर भिंतीतून काढून, गुंडाळून, वर ठेवलेली.

फाईल वाढतच होती.

त्यानं रिसीव्हर उचलला.

कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. वारा होता. मग एका म्हाताऱ्या बाईचा आवाज.

"कोनी हाय का?"

संघर्षनं गुंडाळलेल्या वायरीकडं पुन्हा पाह्यलं.

"कोनी हाय का वं बाई...?"

"आहे," तो म्हणाला. "मी आहे, आजी."

"पोरगा फवारनीहून आला. तोंडाले फेस हाय. डोये उघडून नाई राह्यला..."

"नाव काय तुमचं? गाव कोणतं?"

"सुखीबाई. बेलतांडा, नेरच्या पुढं. तू कोन हायस, बाबू?"

"संघर्ष. आजी, तिथंच बसा. कुठं जाऊ नका. मी गाडी घेऊन येतो."

"येतो ना?"

"येतो."

मग नुसता वारा...

मग तोही नाही.

मागच्या खोलीत ड्राइव्ह घरघरली. कॉपी पुढं सरकली. आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण झाली.

घरी येऊन त्यानं मले उठवलं तवा वायरीचं काही सांगितलं नाही. बेलतांड्यात एक पोरगा मरून राह्यला, जीप काढा, एवढंच म्हणाला. मी संस्थेच्या जीपवाल्याले उठवलं अन् तिघंही निघालो. नेर मागं पडलं. कच्चा रस्ता, दोन्हीकडं फुटलेला कापूस. संघर्ष सारखा घड्याळ पाहे.

साडेचारले तांड्यात शिरलो. एका किराणा दुकानाच्या ओट्यावर माणूस झोपला होता. दुकानदार, नेमसिंग. दाराशी रुपया टाकायचा फोन टांगलेला.

"सुखीबाईचं घर कोणतं?" मी विचारलं.

तो उठून बसला. जीपवरचं संस्थेचं नाव त्यानं वाचलं.

"सुखीबाई? साऱ्या तांड्याची याडी, आईच होती ती. तिले जाऊन सात महिने झाले," तो म्हणाला. "तिच्यासाठी काहून आले तुमी?"

"तिचा पोरगा..." संघर्ष म्हणाला.

"किसनसिंग? तो त मांगच्या दिवाईले गेला. तीन दिवस आधी. फवारनीचं औषध चढलं होतं."

नेमसिंग खालच्या आवाजात बोलत होता.

"रातीचे दोन वाजले असतीन. मी बंडीले बैल जुपले होते. म्हनलं, याडी, चाल, नेरले दवाखान्यात नेऊ, पोरगा अजून जिवंत हाय. पन तिनं ह्या फोनवरून तुमच्या लोकायले लावलं होतं. म्हने, फोनवरचा पोरगा बस म्हनला, गाडी घेऊन येतो म्हनला. बंडीत हाल होतीन माह्या लेकराचे. मी लय समजावलं. नाईच उठली. ह्याच ओट्यावर बसली, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. उजाडलं तवा तो थंडा झालता. तुमची गाडी काई आली नाई."

"मागच्या वर्षी," मी म्हणालो, "त्या महिन्यात रात्री आमच्याकडं कोणी फोन उचलत नव्हतं."

"उचलला न, बाप्पा. नाव सांगतलं त्यानं. तिले लिवता येत नव्हतं. मले म्हनली, नेम्या, लिहून ठेव, इसरशीन."

संघर्ष खाली बसला. ओट्यावर नाही... मातीत.

नेमसिंगनं टॉर्च लावला अन् फोनच्या बाजूच्या भिंतीवर धरला. तिथं लोकांनी लिहिलेले कितीतरी नंबर होते. त्यांच्या मधात, पेन्सिलीनं, एक ओळ होती.

संघर्ष. यवतमाळ. बसा म्हनला. येतो म्हनला.

खाली तारीख होती. अठरा, दहा, दोन हजार सहा.