संग्राम उजवीकडे पडतो

भारत हरला आणि पाचव्या मिनिटाला वाघजाई तालमीत चहा आला.

पूर्वी असं नव्हतं. बाद फेरीची मॅच हरली की या पेठेत दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नसे आणि शेजारच्या पेठेतल्या माणसाशी नजरानजर झाली तरी डोकी फुटत. आता लोक खिशातून बोटाएवढी कुपी काढतात, दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा मारतात, डोळे पुसतात आणि चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरतात. "काय मॅच झाली राव!" म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. हरल्यावर कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडून हे वाक्य काढणं म्हणजे विज्ञानानं कमालच केली म्हणायची.

त्या फवाऱ्याचं नाव शमन. त्यामागची कल्पना साधी आहे. आठवण घडल्या घडल्या पक्की होत नाही. पहिले दोन तास ती ओल्या गिलाव्यासारखी असते. काय घडलं ते मेंदूत एका जागी नोंदलं जातं, ते किती झोंबलं ते दुसऱ्या जागी, आणि दोन्ही एकमेकांना धरून वाळतात. शमन त्यांना एकमेकांना धरू देत नाही. स्कोअर लक्षात राहतो, दुखणं राहत नाही. मात्र फवारा त्या दोन तासांतच घ्यावा लागतो. एकदा वाळल्यावर काही उपयोग नाही. जगभरातल्या स्टेडियमांच्या खुर्च्या शाबूत राहू लागल्या, तेव्हा फुटबॉल संघटनेनं खेळाडूंनाही तो सक्तीचा केला. मॅच संपली की आधी शमन, मग अंघोळ, आणि दोन तास फोन बंद.

दुपारचे चार वाजले होते. ऑस्ट्रेलियातल्या विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात उरुग्वेनं भारताला पेनल्टीवर हरवून अर्धा तास झाला होता. तालमीत साठ-सत्तर माणसं होती, आणि त्यांत एकाच माणसानं अजून कुपी उघडली नव्हती. ते होते आप्पा नेजदार, वय अडुसष्ट, तालमीच्या फुटबॉल संघाचे जुने गोलकीपर. भारताचा गोलकीपर संग्राम हा त्यांचा मुलगा.

"आप्पा, घ्या की आता," बाळू साळोखे म्हणाला. त्याच्या हातात चुन्याची बादली होती. "म्हणजे भिंत उरकून टाकू."

ही भिंत तालमीची जुनी शान. स्पर्धा सुरू झाली की तिच्यावर बाद फेरीचा तक्ता रंगवायचा. हरलेली मॅच कोळशानं लिहायची आणि वचपा निघेपर्यंत पुसायची नाही, असा रिवाज होता. एक स्कोअर एकोणीस वर्षं टिकला होता. शमन आल्यापासून मात्र हरल्याच्या संध्याकाळीच चुना फासला जातो. कुणी बंदी घातलेली नाही. ठेवावासा वाटत नाही, एवढंच.

"हात लावायचा न्हाई भिंतीला," आप्पा म्हणाले.

"आवो, पण का?"

"पाच पेनल्टी झाल्या. पाचही डाव्या हाताला मारल्या त्यांनी, आन् संग्राम पाचही वेळा उजवीकडं पडला. का पडला, सांग."

"नशीब, दुसरं काय."

"नशीब न्हवं रं. आपलं ग्राउंड!" आप्पांचा आवाज चढला. "आपल्या गोलपोस्टात डाव्या अंगाला मुरूम हाय. तिकडं पडलं की कोपर सोलतं. म्हणून आपल्या तालमीचा प्रत्येक कीपर उजवीकडं पडायला शिकला. मी शिकलो, मीच त्याला शिकवलं. उरुग्वेवाल्यांनी ते हेरलं आन् आमाला आजवर कळलं न्हाई!"

"भारी की!" बाळू हसला. त्याला ते खरोखर भारी वाटलं होतं, आणि पुढच्याच क्षणी तो चहावाल्याकडे वळला. आप्पांना त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून डॉ. वैदेही सरनाईक उठली. ती याच पेठेची मुलगी, आणि ज्यांनी शमन शोधलं त्या संशोधकांपैकी एक. प्रत्येक मोठ्या स्पर्धेला ती तालमीत येऊन बसायची.

"आप्पा, दीड तास राहिलाय," ती म्हणाली. "त्रास करून घेऊ नका."

"मला इसरायचं न्हाई, पोरी."

"तुम्ही विसरणार नाही. माहिती तशीच राहते. फक्त—"

"फक्त झोंबत न्हाई. मग काय उपेग? संग्रामच्या कोचला हे ठाऊक नसंल व्हय? त्याच्या फायलीत लिहिलेलं असंल. पण झोंबल्याशिवाय फाईल उघडतंय कोण?"

"माझ्या दादाचा डोळा कसा गेला, तुम्हाला माहीत आहे," वैदेही म्हणाली. "अशाच एका मॅचनंतर. दगड याच पेठेतून आला होता. झोंबण्याची किंमत आमच्या घराला माहीत आहे, आप्पा."

आप्पांची मान खाली गेली. त्यांना तो दगड आठवत होता, आणि तो कुणी मारला हेही. पण ते मागे हटले नाहीत. त्यांनी चुलीजवळचा कोळसा उचलला. ही गोष्ट भिंतीवर लिहूनच टाकायची, म्हणजे पुसायचं म्हटलं तरी चारचौघांसमोर पुसावी लागेल. त्यांनी कोळसा जोरात दाबला आणि चुन्याचा मोठा पोपडा सुटून खाली पडला. फासून फासून थर जाड झाला होता.

पोपड्याखाली अक्षरं होती. आप्पांनी नखानं आणखी चुना काढला. कोळशानं लिहिलेली ओळ होती, आणि अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.

'संग्राम उजवीकडे पडतो. मुरमामुळे. त्याला सांगायचं. या वेळी विसरायचं नाही.'

खाली चार वर्षांपूर्वीची तारीख होती. त्या वर्षीही भारत पेनल्टीवरच हरला होता.

"हे मी कवा लिवलं?" आप्पांना आपलाच आवाज परका वाटला.

"मी इथेच होते," वैदेही हळूच म्हणाली. "तुम्ही लिहिलंत, आमच्यावर ओरडलात, तासभर असेच उभे राहिलात. मग छातीत कळ आली म्हणालात, म्हणून मीच तुम्हाला फवारा दिला. दहा मिनिटांनी तुम्ही हसत हसत स्वतःच्या हातानं चुना फासलात. जे झोंबत नाही ते मेंदू फार दिवस जपून ठेवत नाही. आम्हाला तेव्हा ते एवढं कळलं नव्हतं. आता कळतं, तरी मघाशी मी ते बोलले नाही."

"आन् 'या वेळी' म्हंजे? त्याच्याआधी किती वेळा?"

तिनं भिंतीकडे पाहिलं. चुन्याचा थर चांगला बोटभर होता.

आप्पांनी कुपी जमिनीवर ठेवली आणि चपलेच्या टाचेखाली चिरडली. मग भिंतीला पाठ लावून बसले. वैदेहीही त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली, त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून. छातीत कळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, पाचही गोल पुन्हा पुन्हा दिसले. माणसं त्यांच्याकडे आजारी माणसाकडे पाहावं तशी पाहत होती. साडेपाच वाजले तेव्हा वैदेही म्हणाली, "झालं. आता हे तुमच्याकडून कुणीच काढून घेऊ शकत नाही." आप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

त्यांनी संग्रामला फोन लावला.

"आप्पा! जेवलात का? काय मॅच झाली, नाही?" पोराचा आवाज ताजातवाना होता.

आप्पांनी त्याला मुरमाचं सांगितलं. संग्रामनं शांतपणे ऐकून घेतलं. "अरे वा! इंटरेस्टिंग आहे. कोचना सांगतो," तो म्हणाला. भिंतीवरची ओळ आप्पांच्या डोळ्यांसमोरच होती. मागच्या वेळी आपण त्याला सांगितलंही असेल, आणि तो असंच वा म्हणाला असेल.

संग्राम एकतीस वर्षांचा होता. त्याला आणखी एकच विश्वचषक मिळणार होता. आणि त्याला झोंबेल असं जगात एकच माणूस बोलू शकत होता. जन्मात कधी आप्पा पोराला अपशब्द बोलले नव्हते.

"संग्राम," ते म्हणाले, "आज भारत तुझ्यामुळं हरला. मला तुझी लाज वाटली."

पलीकडून एक श्वास, आणि मग अगदी लहानपणी कोपर सोलल्यावर यायचा तसला आवाज. "आप्पा... असं काय बोलताय?"

वैदेहीनं तोंडावर हात ठेवला. ही जखम आत्ताची होती, म्हणजे आणखी दोन तास ओली राहणार. आणि संग्रामच्या खोलीत शमनची दुसरी कुपी असणारच.

आप्पांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज हलला नाही.

"फोन ठेवू नकोस, कुपीला हात लावू नकोस," ते म्हणाले. "बापाची शपथ हाय तुला. हितं साडेसात वाजेपर्यंत आपल्याला बोलायचंय. पहिल्या पेनल्टीपास्नं सांग, का पडलास तिकडं?"