चार खांद्यांची उंची

"मागं काय माल भरलाय, ताई? गाडी लई दबलीय."

चाकाचे नट सैल करता करता त्या मुलानं सहज विचारलं. राजूरच्या बाजाराचा दिवस होता. श्रावणाची बुरबुर सकाळपासून लागलेली. वांग्यांच्या ढिगापाशी आमच्या व्हॅनचं मागचं टायर फुटलं आणि शेजारच्या नव्या गॅरेजातून हा मुलगा जॅक घेऊन, शीळ घालत बाहेर आला. मागच्या दारावरची अक्षरं चिखलानं झाकली गेली होती, नाहीतर बाजारातल्या इतरांसारखा तोही लांबच उभा राहिला असता.

आराधना छत्री न घेता पावसात उभी होती. म्हणाली, "माल न्हाई. माणूस हाय."

"मग उतरवा की त्यांना. जॅक लावायचाय."

"ते आता उतरणार न्हाईत..."

शीळ थांबली. त्यानं अक्षरांवरचा चिखल बोटानं पुसला. श... व... मग डोक्यावरची टोपी काढून खिशात कोंबली आणि जॅक इतका हळू चढवला, की पुढच्या सीटवर बसून मला गाडी उचलल्याचं कळलंसुद्धा नाही. चाक बसल्यावर त्यानं हात पुसले, आत निजलेल्या त्या अनोळखी म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि मग आराधनाकडे पाहिलं. आधी मयताला, मग पोरीला. हा क्रम मला आवडला.

मी मेरी. राजूरला जन्मभर शाळेत शिकवलं, म्हणून गावाला मी 'बाई'. आराधना माझ्या भावाची, आमोसची, एकुलती मुलगी. मयत घेऊन एकट्या मुलीनं डोंगरातून जाऊ नये म्हणून मी तिच्या शेजारी बसते. उचलायला माझा उपयोग नाही. खांदा केव्हाच निकामी झालाय.

आमच्या या डोंगरात पूर्वी मेलेल्या माणसाला गाडी मिळत नसे. जीपवाले मयत घेत नसत. मग लोक मेलेल्याला आजारी करत. डोक्यावरून शाल, दोन्ही अंगांना दोन माणसं, आणि जीपमध्ये मधे बसवून घरी आणत. माझी भावजय संगमनेरच्या दवाखान्यात गेली तेव्हा तिलाही आम्ही तसंच बसवून आणलं. एका अंगाला आमोस, दुसऱ्या अंगाला मी, माझ्या मांडीवर आराधना. वळणावर तिची मान कलली, तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका भल्या माणसानं पाण्याची बाटली पुढं केली. आराधना त्याला म्हणाली, "आई झोपलीय."

तिला खरंच तसं वाटत होतं.

पुढं आमोसनं ही व्हॅन घेतली ती त्यापायी. शेवटचं तरी माणसाला आडवं होऊन घरी येता यावं, म्हणायचा. मागच्या उन्हाळ्यात तोही तसाच आडवा आला. गाडी आराधना चालवत होती.

त्या मुलाचं नाव करण. श्रीगोंद्याकडचा, ऊसपट्ट्यातला. भंडारदऱ्याला येणाऱ्या टुरिस्ट जीपांच्या भरवशावर त्यानं इथं गॅरेज टाकलं होतं. ही गाडी शहरात पार्सलं वाटायला केलेली आहे, तिचं पोट जमिनीला लागतं, धरणामागच्या रस्त्याला एक दिवस इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटून बसाल, असं त्यानं बजावलं. म्हणून मयताचा फोन नव्हता अशा एका दुपारी आम्ही गाडी त्याच्याकडे नेली.

त्यानं आतून एक जाडजूड टायर घरंगळत आणलं. "बटन टायर. चिखलाला कसं धरतंय बघा."

आराधनानं टायरच्या उंचवट्यांवरून अंगठा फिरवला. "हे वाजतं."

"वाजंना का."

"मागं घरची माणसं बसलेली असतात. एकमेकांचं रडणं तरी नीट ऐकू आलं पाहिजे."

 त्यानं ते टायर परत नेलं, दुसरं आणलं. "मग ह्ये घ्या. मधलं. ना लई गप, ना लई बडबडं. तुमच्यावानी."

"मी बडबडी?"

"गप म्हनलो की."

"दोन्ही म्हणालात."

"...टायरचं म्हनत हुतो मी."

मी पदरात हसले. आराधना हसली नाही, पण तिनं ओली बट कानामागं सारली. आमोस गेल्यापासून तिला आरशात बघताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिनं एका जीपच्या काचेत पाहिलं.

"रिमा मॅगच्या टाकू? चमकत्यात. लग्नाच्या गाडीवानी—" तो थबकला, जीभ चावली.

"लोखंडीच बऱ्या," ती शांतपणे म्हणाली. "दगडाला लागून वाकल्या तर ठोकून सरळ होतात. मॅग तडकतं."

"ह्ये मी सांगनार हुतो तुमाला."

"मग उशीर केलात."

उंचीचं मात्र तिनं हसण्यावारी नेलं नाही. गाडीच्या मागं उभं राहून मांडीशी आडवा हात धरला. "गाडी वर घ्या. पण मयत ठेवायची जागा ह्याच्या वर जाता कामा नये."

"बरं," तो म्हणाला. पण बरं म्हणताना तो तिच्या हाताकडे बघत नव्हता. चेहऱ्याकडे बघत होता.

काम रेंगाळलं. मुद्दाम, असा माझा संशय. रोज संध्याकाळी आराधना गाडी बघायला म्हणून जायची आणि ग्रीसचा वास घेऊन यायची. एकदा तिच्या कपाळावर काळं बोट उमटलेलं होतं. "हे काय गं?" विचारलं तर म्हणाली, "डास बसला होता, त्यानं मारला." एका बोटानं डास! मी म्हटलं, "बरा नेम आहे त्याचा."

गाडी तयार झाली त्या सकाळी करणनं आम्हाला डोळे मिटून यायला सांगितलं. उघडले, तर समोर आमची व्हॅन एखाद्या ट्रकच्या लेकरासारखी उभी. मागच्या स्प्रिंगला एक पाटा वाढवलेला, टायर मोठी. आणि आत स्ट्रेचरखाली उंची वाढवणारी लोखंडी घोडी बसवलेली. स्ट्रेचर आराधनाच्या छातीला आलं होतं.

"आमच्यात आजा वारला तवा अख्खं गाव खांदा द्याया आलं हुतं," तो उत्साहानं सांगू लागला. "गाडीत ठिवताना समदे वाकले, आन् तिरडी तिरकी झाली. लई वाईट वाटलं हुतं मला. आता बघा, खांद्यावरनं सरळ आत. वाकायचं काम न्हाई. तुमी सांगितलं न्हवतं, मीच आपलं मनानं..."

आराधनाचा चेहरा उतरला. "हे काय केलंस तू?"

पहिल्यांदा 'तू' म्हणाली, ती अशी.

तेवढ्यात फोन वाजला. धरणामागच्या वाडीतला रंगनाथ संगमनेरच्या दवाखान्यात वारला होता. उतरवायला, बदलायला वेळ नव्हता. आम्ही तशाच निघालो.

दवाखान्यात चार वॉर्डबॉयनी मयत वर चढवलं. करणनं वाढवलेली उंची तिथं अगदी बरोबर होती. रस्त्यातही गाडीनं एक दगड खाल्ला नाही. पण वाडीवर पोचलो, तर अंगणात रंगनाथची बायको गोजरबाई, दोन सुना आणि काठी टेकत आलेला एक म्हातारा. भाताची आवणी उरकून वाडीतले सगळे पुरुष नारायणगावला, नाशिकला कामावर गेलेले. निरोप धाडले होते, पण ते संध्याकाळशिवाय पोचणार नव्हते. तोवर मयताला पावसात गाडीत ठेवायला गोजरबाई तयार नव्हती.

आराधना, गोजरबाई आणि सुनांनी स्ट्रेचर धरलं. छातीएवढ्या उंचीवरून. एक सून निसरड्यावर घसरली... आणि रंगनाथ अंगणातल्या चिखलात तोंडावर पडला.

 फक्त पागोळ्या वाजत होत्या.

गोजरबाईनं त्याला उताणं केलं. पदरानं त्याचे डोळे, नाक, मिशा पुसल्या. मग आराधनाकडे वर बघून म्हणाली, "रडू नको, बये. जित्ता असताना बी ह्याच अंगनात लई येळा पडला हुता. तवा बी मीच पुसायची."

हे ऐकल्यावर आराधना जी रडली, ती राजूर येईपर्यंत.

गॅरेजसमोर गाडी उभी करून ती खाली उतरली. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. करण चहाचे पेले घेऊन पुढं आला, तसाच थांबला. तिनं काय झालं ते सांगितलं. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं.

"तुझ्या गावात खांदा द्यायला रांग लागत असेल. आमच्या वाड्यांवर चार खांदे कुठून आणू मी? बाया असतात आणि म्हातारे असतात. म्हणून मांडीएवढी म्हणाले होते. मला हौस नव्हती."

त्यानं पेले खाली ठेवले. काही सबब सांगितली नाही. पाना घेऊन आत शिरला आणि घोडी सोडवू लागला. बऱ्याच वेळानं आतून त्याचा आवाज आला. "घोडी काढतो. पर पाटा काढला तर त्या रस्त्याला चेंबर ऱ्हानार न्हाई. मयत ठिवायचा तळ कंबरंएवढा ऱ्हाईल."

"मग?"

"मग... मी येतो. उतरवाया."

"शववाहिकेला लागलेले हात लोक आपल्या गाडीला लावू देतील?"

"बघू."

तो येऊ लागला. पुढं आम्ही दोघी, मागं घरच्या माणसांत तो. आराधना निघण्यापूर्वी डोळे मिटून प्रार्थना करायची, तेव्हा तोही हात जोडून उभा राहायचा. एकदा त्यानं विचारलं, "काय मागतेस?" ती म्हणाली, "ब्रेक." त्यावर दोघंही खुदकन हसले आणि मागच्या मयताची आठवण होऊन लगेच गप्प झाले.

पण तिचं म्हणणं खरं झालं. टुरिस्ट जीपा अकोले गावच्या गॅरेजात जाऊ लागल्या. लग्नाच्या गाडीसाठी आलेला एक माणूस आमची व्हॅन दारात बघून पायरीवरूनच मागं फिरला. मग श्रीगोंद्याहून त्याच्या आईचा, रंगुबाईचा, फोन आला. तिच्या पोरी मोठ्या गोतात दिलेल्या होत्या. ख्रिस्ती मुलगी, तीही मढी वाहणारी, हे तिच्या कानावर गेलं होतं. त्या गाडीत बसणार असशील तर माझ्या उंबऱ्यात येऊ नको, म्हणाली. करणनं हे आम्हाला हसत सांगितलं. फक्त तोंड हसत होतं.

आराधना त्या रात्री जेवली नाही. सकाळी त्याला म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस. आईपासून तुटून तू माझं ओझं उचलावंस, हे मला नको. माझ्या आईजवळ बसून मी तो एक प्रवास केलाय... आई नसणं काय असतं ते तुला ठाऊक नाही."

"तू सांगशील तसं," तो म्हणाला. गॅरेजचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन आला. शेतात पान लागलेली, म्हणजे साप चावलेली, एक लहान मुलगी. संगमनेरला पोचली, पण उशिरा.

दवाखान्याकडे निघताना गॅरेजवरून जावं लागतं. तो रस्त्यात उभा होता, कुणीतरी त्याला सांगितलं असावं. आराधनानं गाडी थांबवली. तिनं 'बस' म्हटलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. मागचं दार उघडल्याचा आवाज आला, एवढंच.

मुलीच्या बापाचं नाव बन्सी. त्यानं लेकीला स्ट्रेचरवर ठेवू दिलं नाही. चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि सगळी वाट तसाच बसून राहिला. करण त्याच्यासमोर बसला होता. वळण आलं की बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला सावरायचा. 

वाडीवर पोचल्यावर करणनं खाली उडी मारून हात पुढं केले. "दाजी, द्या इकडं. मग तुमी उतरा."

बन्सीनं मान हलवली. लेकीला घट्ट धरलं.

"बरं, एका हातानं माझा खांदा धरा."

तेही नाही. एकही हात सोडायला तो तयारच नव्हता. कंबरेएवढ्या तळावर, दाराच्या कडेला तो उभा. खाली चिखल. अंगणातून मुलीच्या आईचा आवाज येत होता.

करणनं आणखी काही सांगितलं नाही. तो चिखलात गुडघे आणि तळहात टेकून ओणवा झाला आणि पाठ गाडीला लावली. बन्सीनं खाली पाहिलं. मग त्याच्या पाठीवर पाय दिला, लेकीसकट सारा भार टाकला आणि तोल न जाता जमिनीवर उतरला. चालत लेकीच्या आईकडे गेला.

आराधना दाराशी उभी होती. तिचा हात तोंडावर गेला होता.

परत येताना धरणाच्या वळणावर तिनं गाडी थांबवली. पाऊस उघडला होता आणि पाण्यावर संध्याकाळचा राखाडी उजेड पसरला होता. करण मागून उतरून हात धुवायला ओहोळाशी गेला. ती बाटली आणि फडकं घेऊन त्याच्या मागं गेली. मी सीटवर डोळे मिटून घेतले. कान काही मिटता येत नाहीत.

"वळ." तिचा आवाज. "शर्टावर पाऊल उमटलंय."

"ऱ्हाऊ दे."

"दुखलं का?"

"न्हाई."

"खोटं."

"...थोडं."

बाटलीतलं पाणी ओतल्याचा, फडकं घासल्याचा आवाज. मग ती म्हणाली, "गाडीला मागं पायरी करायला हवी."

"केली की."

"लोखंडाची म्हणते मी."

"ती बी करू. पर मला काढू नको."

 मी एक डोळा किलकिला केला. ती फडकं पिळत उभी होती, पिळून कोरडं झालं तरी.

"हे असंच असणार, करण. दिवाळीला, नाताळाला. आपलं लग्न लागत असेल आणि फोन वाजला तर?"

"कुनाचं लग्न म्हनलीस?"

"ऐकलंस तू."

"वाजला तर आधी जाऊन येऊ," तो म्हणाला. "लग्नाला काय, ते थांबंल."

"आणि तुझी आई?"

या वेळी तो हसला नाही. "आईला मी दर आठवड्याला फोन करनार. ती उचलनार न्हाई. मी करनार." थोडं थांबून म्हणाला, "लई दुखंल, ते ठावं हाय मला. तरी बी हितंच ऱ्हानार."

आराधनानं ओल्या हातानं त्याचा हात धरला. दोघांच्याही नखांत चिखल होता. ती गाडीपाशी आली, मला हलवून म्हणाली, "आत्या, सरक जरा मधे. झोपेचं सोंग पुरे." आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"तू चालव. मला फार झोप आलीय रे... किती दिवसांची."

तो गाडी सुरू करेपर्यंत तिचं डोकं माझ्या त्या निकामी खांद्यावर कललं होतं. दुखत होता, पण मी हलले नाही.