भर पावसात ओसरलेली नदी

पाऊस सकाळपासून कोसळत होता, तरीही गिरिवल देशातील सावळी नदी भराभर ओसरत चालली होती. हे कसे शक्य होते?

अबोलीने हा प्रश्न बाबांना विचारला, तेव्हा ते तळपूजेला निघण्याच्या घाईत होते. पूर ओसरला की सगळ्या गावाने पात्रात उतरायचे, तळातल्या खडकाला तांदूळ वाहायचे आणि वाहून आलेली लाकडे घरी न्यायची, अशी तिथली जुनी प्रथा होती.

"नदीने कृपा केली, झालं! तू आणि नाना बसा शंका काढत," असे म्हणून बाबा हसतच घाटाच्या पायऱ्या उतरले.

नाना म्हणजे अबोलीचे आजोबा, जलमापन खात्यातील निवृत्त अभियंते. त्यांनी चष्मा पुसला. "अंगणात चल. तुझा प्रश्न रास्त आहे."

पन्हळीचे पाणी अंगणातल्या अरुंद पाटातून वाहत होते. नानांनी त्यात ओल्या मातीचा गोळा थापला.

"आता खालच्या बाजूला बघ."

"धार आटली की!"

"पाऊस थांबला का?"

"नाही. पाणी मातीच्या मागे साठतंय." अबोलीने नदीकडे पाहिले. "म्हणजे नदीसुद्धा कुणीतरी अडवलीय?"

"डोंगराने. वर कुठेतरी भूस्खलन (डोंगराचा भाग सुटून खाली घसरणे) झालं असणार. आता नीट पाहा, खरी गोष्ट पुढेच आहे."

साठलेले पाणी गोळ्यावरून ओसंडू लागले. आधी रेघेएवढा चर पडला. पाण्याने चर रुंद केला. चर रुंद झाल्यामुळे जास्त पाणी सुटले. त्या जास्त पाण्याने चर आणखी खरवडला. बघता बघता गोळा फुटला आणि साठलेले सगळे पाणी एकदम धावून तुळशीच्या मुळाशी आदळले.

"याला स्वयंवर्धन (परिणामानेच कारणाला बळ मिळून क्रिया वाढत जाणे) म्हणतात," नाना म्हणाले.

अबोलीचा चेहरा उतरला. "नाना, बाबा खाली आहेत!"

नदीचा वरचा भाग शेजारच्या देशात होता. गिरिवलने बाहेरच्या जगाशी संबंध तोडले होते; सीमेवरचा संदेशरोधक पडदा (बाहेरचे रेडिओसंदेश अडवणारी यंत्रणा) धोक्याची सूचनाही आत येऊ देत नसे. आणि पुराचा इशारा देणारा गावाचा भोंगा? काठावरच्या नळीतला तरंगा पाण्याबरोबर वर चढला, तरच तो वाजे. आज तरंगा तळाशी गेला होता.

"मग तो आपणच वर ओढू!" अबोली म्हणाली.

नाना तिच्याकडे पाहतच राहिले. "पळ! माझे गुडघे येतील मागून."

अबोलीने नळीचे झाकण उघडले आणि तरंग्याची साखळी दोन्ही हातांनी ओढली. भोंगा दरीभर घुमला.

"अरे, पाणी नाही आणि भोंगा कसला?" खालून कोणीतरी ओरडले. पण भोंगा ऐकताच चढायचे, ही सवय गिरिवलच्या माणसांना लहानपणापासून होती. मनात शंका असली, तरी पाय पायऱ्यांकडे वळले.

सर्वांत शेवटी बाबा आले, खांद्यावर ओंडका घेऊन. "नाना, कोरड्या नदीलाही भ्यायला लागलात? माझी टोपली राहिली ना खाली!"

तेवढ्यात दरीच्या वळणावरून गडगडाट आला. मागोमाग चिखलाची तपकिरी भिंत, उखडलेली झाडे, घराएवढे दगड. तळपूजेचा खडक दिसेनासा झाला. बाबांनी ओंडका खाली ठेवला आणि अबोलीला घट्ट जवळ घेतले. एकेकाला हाक मारून गाव मोजले गेले. सारे वर होते. मग बाबा म्हणाले, "टोपली गेली ते बरंच झालं," आणि भिजलेली माणसे हसत सुटली.

नानांनी भोंग्याला नवी जोड दिली: भर पावसात पाणी अचानक उतरले, तरी तो वाजू लागला. गावाच्या मागणीवरून देशाने संदेशरोधक पडद्यात एक झरोकाही उघडला, केवळ नदीच्या बातम्यांसाठी. सीमेपलीकडे, नदीच्या वरच्या भागात पाणी मोजणाऱ्यांकडून पहिला संदेश आला: 'आमच्याकडे पाणी वाहते आहे. तुम्ही कसे आहात?'

पुढच्या तळपूजेला बाबा नवी टोपली घेऊन निघाले. पहिल्याच पायरीवर थांबून त्यांनी मागे वळून हाक दिली,

"अबोले, वरच्यांना विचार गं, उतरू का?"