आज आम्ही बारा

हे खरं घडलंय. पटत नसेल तर सोडून द्या. खोटं निघालं तर माझा मेहुणा पेढे वाटेल.

रविवार, दुपारचा एक. त्याचं तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर.

मेहुणा बातम्यांच्या वेबसाइटवर उपसंपादक. युद्धात अडकलेल्या एका बाईचा ब्लॉग तो भाषांतर करून टाकायचा. आपण चहाबरोबर युद्ध वाचतो ना, तेच.

ती तळघरातून लिहायची. प्रत्येक नोंद माणसं मोजून सुरू... "आज आम्ही अकरा." पाणी आलं की वरून कोणीतरी पाइपवर तीनदा चमचा वाजवायचं. मग सगळे अंगणातल्या नळावर.

जागा तिने कधीच सांगितली नाही.

"नुसतं तळघर तळघर काय लावलंयस?" संपादक खेकसला. "ठिकाण टाक, राव! लोकांना खरं वाटायला नको?"

मेहुण्याने तिच्या फोटोतली निळी टाकी नकाशावर हुडकली. हुशार ना! तळघर एका शाळेचं निघालं. शाळेचं नाव टाकून मोकळा.

दुपारी तिची मेल आली. "नाव काढा. आत्ताच."

हा म्हणाला, जेवून काढतो.

जेवला. सावकाश.

तोवर नळावरच्या रांगेत तोफगोळा पडला होता. अकराच्या अकरा गेले. ती बातमीही यानेच लावली.

"तुझ्यामुळेच पडला कशावरून?" मी म्हणालो.

"आणि नाही कशावरून?"

ब्लॉग थांबला.

तीन आठवड्यांनी तो रविवार. टाकी धुवायला काढलेली, नळ कोरडा. मेहुणा जेवत होता.

टक... टक... टक...

"अहो, पाणीच नाहीये," माझी बहीण म्हणाली. "मग पाइप कोण वाजवतंय?"

"वरचे असतील."

"वरचे गावाला गेलेत. चावी माझ्याकडे आहे."

तेवढ्यात मेहुण्याचा फोन वाजला. तिच्या ब्लॉगवर... नवी नोंद.

"आज आम्ही बारा. बारावा अजून जेवतोय. आम्ही थांबलोय."

बहिणीनेही वाचलं. पान पुन्हा उघडलं, तर नोंद नव्हती.

त्या दिवसापासून मेहुणा बसून जेवत नाही. पाइप वाजला की ताट टाकतो, बादली उचलतो आणि कोरड्या नळासमोर उभा राहतो.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवत होतो.

टक... टक... टक...

मीही ऐकलं. मग माझा फोन वाजला.

तो ब्लॉग मीही रोज वाचायचो. चहाबरोबर.

आकडा बघायची अजून हिंमत झालेली नाही.