फुटण्याआधीची काच

माझा धाकटा भाऊ मोर्च्यात गेला. म्हणजे वारलाच. असो, तसं काही झालेलं नाही. मी आमच्या कंपनीबद्दल सांगत होतो.

आम्ही फुटलेल्या काचा बदलतो. कुठे काय फुटलं ते यंत्र कॅमेऱ्यांतून बघतं, काच कापतं आणि काम आमच्या मोबाइलवर टाकतं. आधी दगडफेकीनंतर तासाभराने काम यायचं. मग दहा मिनिटांनी. मग दगडासोबतच. गेल्या महिन्यात आम्ही काच घेऊन पोचलो, तर दुकान धडधाकट. मी आणि मिस्त्री फुटपाथवर ताटकळत उभे. थोड्या वेळाने जमाव आला आणि आम्हाला बघून ओशाळला.

"फार वेळ थांबलात का?" एकाने विचारलं आणि दगड उचलला.

साहेब खूश. "वाट बघणं म्हणजे तोटा."

भाऊही खूश, पण त्याची कारणं थोर. "दादा, या व्यवस्थेला अडवायचं नाही, ढकलायचं. जितकी जोरात पळेल तितकी लवकर कोसळेल."

"कुणावर?"

"तो तपशील झाला."

घरातला बल्ब गेला तरी तो बदलायचा नाही. म्हणे, अंधार पुरता वाढू दे.

आमच्यात एक खोड आहे. वेगाचे गुण मिळतात, म्हणून काम आलं की न वाचताच 'पूर्ण' दाबायचं आणि मग करायला जायचं. मंगळवारी सकाळी मी तसंच दाबलं. मग वाचलं. काच दहा बाय बारा इंच, फोटोच्या चौकटीसाठी. पत्ता आमच्या घरचा. सोबत भावाचा फोटो, त्या क्षणी त्याच्या अंगावर होता त्याच शर्टातला.

त्याला दाखवलं. "बघ, काय वेग!" तो हसला. मग त्याने कॉलर चाचपली.

"रद्द कर ना, दादा."

रद्द करायचं बटण नव्हतं. 'आणखी लवकर' होतं.

मी त्याला शर्ट बदलायला लावला. फोटोतलाही आपोआप बदलला.

त्याचे बूट लपवले. दाराला आतून कुलूप घातलं.

अंघोळ करून आलो. कुलूप तसंच. तो नव्हता. माझे बूट नव्हते.

दुपारी त्याच्या फोटोची चौकट भिंतीवर होती. कुणी दार वाजवलं नव्हतं.

काच धुरकट दिसली. पुसली. डाग आतून होता.

मी कंपनीला अर्ज लिहिला:

महोदय, सदर काचेवर आतील बाजूने दर चार सेकंदांनी वाफ धरते. अर्ज लिहून होईपर्यंत ती दर अकरा सेकंदांनी धरू लागली आहे. तरी सदर वाफ हा अर्जदाराचा भाऊ हयात असल्याचा दाखला म्हणून ग्राह्य धरून काम अपूर्ण दाखवावे, ही नम्र विनंती.