सूर्याच्या कडेवरची खूण

मुखेडला लातूरची एसटी लागली अन् आमच्या वर्षाराणीनं खिडकीतून ओढणी टाकून जागा धरली. आत चढून बघते तर एक उंच पोरगा तिथं ऐसपैस बसलेला.

"उठा. जागा माझी हाय."

"जागा ओढणीची होती. तिला मी नीट सांभाळलंय की... मांडीवर."

असला आगाऊ! पण उठला. लातूरपर्यंत उभा आला, अन् सारा रस्ता हिच्याकडं चोरून बघत.

सोमवारी ही कॉलेजात नव्या कामावर गेली, तर समोर तोच — वैजनाथ.

मी तिची आत्या. माझ्याच घरी राहते ती, तेव्हा माझ्यापासून काय लपतंय? शिकले मी चौथीच, पण तिचं काम मला चोख कळतं. वर अवकाशात दुर्बीण सोडलीय. ती सूर्याचं तोंड तबकडीनं झाकते, मग कडेनं उसळलेला भडका दिसतो. फोटोमागून फोटो येतात. भडक्याची पुढची कड कुठवर आली, तिथं संगणकावर खूण करायची, म्हणजे वेग निघतो. एकच फोटो दोघांनी बघायचा, पण एकमेकांची खूण न बघता. ताडून बघणार बुद्धप्रिया मॅडम.

वैजनाथची जोडी काही फोटोंवर तिथंच काम करणाऱ्या पुनमशी असायची, काहींवर वर्षाराणीशी. पुनमशी त्याच्या खुणा जुळायच्या. केसाचा फरक नाही. आमच्या पोरीशी मात्र बोटभर लांब!

"आमची नजर बघा कशी एक हाय," पुनम हसून म्हणायची.

वर्षाराणी घरी येऊन लाटणं आपटायची.

"पोळीनं काय घोडं मारलं गं तुझं?"

"सिंधुआत्या, त्या पुनमच्या दातात फट हाय."

"मग? तुला तिथं दुकान टाकायचंय?"

लातूरच्या क्लासात घडलेली पोरगी. उत्तर जुळलं की बरोबर, एवढंच डोक्यात. एका दुपारी वैजनाथ काम तसंच उघडं ठेवून चहाला गेला. हिनं त्याच्या खुणा बघितल्या, आपल्या पुसल्या, त्याच्यासारख्या केल्या अन् पाठवून दिल्या. सत्तावीस फोटो!

दोन दिवसांनी मॅडमनी दोघांना उभं केलं.

"सत्तावीसच्या सत्तावीस? तेही असल्या धूसर फोटोंवर? दोन माणसांची नजर इतकी एक पडत नसते. फरक दिसला तरच आपण किती चुकतो ते कळतं. वैजनाथ, तुझं काम मागून आलं, म्हणजे तूच बघून केलंस. उद्यापासून येऊ नको."

वैजनाथनं हिच्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं... तरी पिशवी उचलून दाराकडं निघाला.

"मी बघितलं, मॅडम," वर्षाराणी म्हणाली. "यांची चूक न्हाई."

"का बघितलंस?"

"यांचं... त्या पुनमशी जुळत होतं."

मॅडमनी दोघांना बाहेर थांबायला सांगितलं. व्हरांड्यात वैजनाथ हळूच म्हणाला, "अहो, पुनमचे फोटो ठळक कडेचे. डोळे मिटून जुळतील. धूसर, फाटक्या कडेचे तुमच्याकडं यायचे... ते मी मॅडमला गळ घालून मागून घेतले."

"कशाला? काम वाढवायला?"

"तुमची जोडी मिळावी म्हणून."

"मग सांगायला तोंड नव्हतं?"

"जोडीतल्यांनी फोटोंबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही, असा नियम हाय ना..."

ती हसली, अन् लगेच हसू गिळलंही. आमच्या घराण्यात लगेच विरघळत नसतात.

मॅडमनी आत बोलावून निकाल दिला. सत्तावीस फोटो रद्द, वर्षाराणीला महिनाभर नवं काम नाही, नुसती जुनी यादी तपासायची. "वैजनाथ राहील. पण ज्यांना एकमेकांचं बघायचा मोह होतो, त्यांना मी एका फोटोवर ठेवत नसते. आजपासून वैजनाथची जोडी फक्त पुनमशी."

पुनमनं लगेच खुर्ची सरकवली. वैजनाथचं तोंड कडू कारल्यासारखं झालं.

वर्षाराणी सरळ पुनमच्या टेबलापाशी गेली.

"फोटो बघा दोघं खुशाल. दीड वाजला की मात्र यांना सोडायचं. डबा माझ्यासंगं खायचाय यांना."

"भाजी कशाची हाय?" वैजनाथनं घाबरत विचारलं.

"भाजी विचारून येणार हायसा का? या म्हटलं की यायचं."